खडक किती दूर?

ब्रिजवर नव्याने वॉचला उभ्या राहणाऱ्या कॅडेटला मी नेहमी विचारतो, "आपण कुठे आहोत?" बहुतेक मुलं एक्डिसच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चार्टच्या, पडद्याकडे बघून अक्षांश-रेखांश वाचून दाखवतात, तेही मिनिटाच्या तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत. त्या शेवटच्या आकड्याची किंमत समुद्रावर दोन मीटरसुद्धा नसते. मला हवं असतं ते उत्तर निराळं: सगळ्यात जवळचा खडक कोणत्या बाजूला आहे, किती दूर आहे, आणि हे तुला पडद्याखेरीज आणखी कशावरून कळलं?

जीपीएसवर माझा राग नाही. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली आणि शंभरेक मीटरची चूक दहाएक मीटरवर आली. पण तेव्हापासून अडचण उलटी झाली. जहाज बरोबर जागी दिसतं; ज्या चार्टवर ते दिसतं, तो चार्ट मात्र तितका अचूक असेलच असं नाही. प्रशांत महासागरातल्या कित्येक बेटांभोवतीची मोजणी एकोणिसाव्या शतकात होडीतून दोरीला बांधलेलं शिसं सोडून केलेली आहे. शिसं पडलं तिथली खोली कळली. दोन मोजण्यांच्या मधे उभा असलेला प्रवाळाचा सुळका कळला नाही. बेटाचा रेखांश काढला होता तारे आणि क्रोनोमीटर यांच्या भरवशावर, त्यामुळे अख्खं बेट मैलभर सरकलेलं असणं अशक्य नाही. तीच मोजणी पुढे संगणकात गेली. रेषा स्वच्छ झाल्या, रंग सुरेख झाले, मोजणी होती तीच राहिली.

एक्डिसवर एक थर उघडता येतो. कोणत्या भागातली मोजणी किती भरवशाची, हे तो सांगतो. ए-१ म्हणजे जागेची चूक पाच मीटर, अधिक खोलीच्या पाच टक्के. सी म्हणजे पाचशे मीटर. डी त्याहून वाईट. मैलभर रुंदीच्या वाटेत दोन्ही बाजूंचे खडक पाचशे-पाचशे मीटर इकडेतिकडे असू शकतील, तर मधोमध आखलेल्या रेषेला काय अर्थ उरतो? पॅसेज प्लॅन तपासताना मी हा थर आधी उघडायला लावतो. पडदा गिचमिड दिसतो म्हणून तो बंद ठेवणारे अधिकारी मला पटत नाहीत.

डेटमची, म्हणजे अक्षांश-रेखांश कशाच्या आधाराने मोजायचे याची, गोष्टही तरुणांना समजावून सांगावी लागते. ग्रिनिचच्या वेधशाळेत शून्य रेखांशाची रेघ आहे. तिच्यावर उभं राहून फोन पाहिला तर तो शून्य दाखवत नाही. जीपीएसचा शून्य तिथून १०२ मीटर पूर्वेला आहे. दोन्ही आपापल्या हिशेबाने बरोबर आहेत, कारण पृथ्वीचा आकार आणि मध्य धरण्याची रीत वेगळी. जपानच्या जुन्या डेटमचा टोकियोजवळचा फरक चारशे मीटरच्या वर होता. भारतातली जुनी मोजणी सर्व्हेअर एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये धरलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेली. कागदी चार्टवर बारीक अक्षरांत टीप असायची: उपग्रहाने दिलेली जागा मिनिटाचा अमुक भाग उत्तरेला, तमुक भाग पूर्वेला सरकवून मांडा. चार्ट उलगडला की आधी ती टीप वाचायची, हे माझ्या पहिल्या कॅप्टनसाहेबांनी अंगात भिनवलं. त्यांचे उपकार मी आजही मानतो.

आता पडद्याचं स्वतःचं दुखणं. नोव्हेंबर २०१४ मध्ये व्होल्वो ओशन रेसमधली 'वेस्टास विंड' ही शर्यतीची बोट मॉरिशसच्या उत्तरेला कार्गादोस काराहोस प्रवाळावर रात्री भरवेगात चढली. चार्टमध्ये प्रवाळ होता. पण दूरच्या झूमवर तो दिसतच नव्हता. तिथे दिसत होते फक्त चाळीसेक मीटर खोलीचे आकडे. नऊ जण वाचले, हे नशीब. कागदी चार्टवर काय गाळायचं हे माणूस ठरवत असे. इथे ते झूमच्या पायरीवर ठरतं. म्हणून आखलेली वाट शेवटपर्यंत जवळच्या झूमवर, एकेक तुकडा करत डोळ्यांखालून घालावी लागते. काम कंटाळवाणं आहे आणि ते दुसऱ्यावर सोपवता येत नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, जानेवारी २०१३ मध्ये, अमेरिकी नौदलाचं 'गार्डियन' फिलिपिन्सच्या तुब्बताहा प्रवाळावर बसलं. त्याच्या डिजिटल चार्टवर प्रवाळ जवळजवळ आठ सागरी मैल चुकीच्या जागी होता. जहाज अखेर तुकडे करून काढावं लागलं.

पण शिकवताना मी सगळ्यात जास्त वेळ देतो तो 'रॉयल मॅजेस्टी'ला. जून १९९५. पंधराशेच्या वर माणसं घेऊन हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बोस्टनला निघालं. निघाल्यावर तासाभरातच जीपीएसच्या अँटेनाची केबल निसटली. यंत्र बंद पडलं नाही. दिशा आणि वेग धरून अंदाजाने जागा दाखवत राहिलं. पडद्याच्या कोपऱ्यात 'डीआर' अशी दोन बारीक अक्षरं उमटली होती. चौतीस तास ती कुणी वाचली नाहीत. वारा आणि प्रवाह जहाजाला बाजूला ढकलत होते, ऑटोपायलट त्याच खोट्या जागेवर समाधानी होता. किनाऱ्यावरच्या रेडिओ सिग्नलवरून जागा सांगणारं लोरानचं दुसरं यंत्र ब्रिजवरच होतं, त्याच्याशी ताडून पाहिलं गेलं नाही. रडारवर एक बोया दिसला, तो अपेक्षित बोया धरला गेला. तो दुसराच होता. खोली मोजणाऱ्या इको साउंडरचा अलार्म शून्य मीटरवर लावलेला. पुढे पाण्याचा रंग बदललेला दिसतोय, असं लुकआउटने सांगितलं, तरी दिशा बदलली नाही. नँटकेटजवळ वाळूत रुतलं तेव्हा जहाज आपल्या वाटेपासून सतरा मैल दूर होतं. जीवितहानी झाली नाही. मला यात अस्वस्थ करणारी गोष्ट ही, की खरं सांगणारे साक्षीदार सगळे हजर होते. लोरान, बोया, पाण्याची खोली, माणसाचे डोळे. विचारलं कुणालाच नाही.

आज तर सिग्नलच खोटा असू शकतो. २०१७ मध्ये काळ्या समुद्रात नोव्होरोसिस्कजवळच्या जहाजांना आपण विमानतळावर उभे आहोत असं दिसत होतं. जून २०२५ मध्ये होर्मुझच्या आसपास शेकडो जहाजांच्या जागा विस्कटल्या. त्या वाटेने आपली किती मुलं जातात! त्यांच्या हाती उरतं रडार. रडार उपग्रहाला काही विचारत नाही. खडक किंवा किनारा पडद्यावर पकडून त्याच्यापासून एक मैलाची समांतर रेषा आखली आणि प्रतिध्वनी त्या रेषेवरून सरकत राहिला, तर अंतर थेट खडकापासून मोजलेलं असतं. चार्टवर खडक कुठे छापलाय, डेटम कोणता, याने काही बिघडत नाही.

आपले कोकणातले तांडेल हेच डोळ्यांनी करत आले. देवळाचा कळस आणि मागच्या डोंगराचा माथा एका रेषेत आले की खाडीत शिरायचं. त्या रेषेला डेटमची चूक नाही, केबल निसटत नाही. मात्र खाडीच्या तोंडावरचा वाळूचा दांडा पावसाळ्यानंतर जागा बदलतो, म्हणून दर हंगामात खुणा पुन्हा पडताळाव्या लागतात. आता बोटींवर जीपीएस आलं आणि मासळीच्या जागा त्यात साठवल्या जातात, हे चांगलंच झालं. खुणा मात्र पुढच्या पिढीला दाखवायच्या राहून जाताहेत, याची मला खरोखर काळजी वाटते.

बोटमालकांना आणि नाखव्यांना एक विनंती. हंगाम सुरू होण्याआधी बोटीवरचं जीपीएस आणि मोबाइल शेजारी ठेवून दोन्हीकडे जागा कशी लिहिली जाते ते पाहा. ३०.५० मिनिटं आणि ३० मिनिटं ५० सेकंद या अक्षांशांत सहाशे मीटरहून जास्त फरक आहे. रात्री पाण्यात पडलेला माणूस शोधताना तो फार मोठा ठरतो. तटरक्षक दलाला १५५४ वर किंवा व्हीएचएफच्या चॅनेल १६ वर हाक द्याल, तेव्हा आकडा दशांशात आहे की सेकंदांत हे स्पष्ट सांगा, आणि त्याला जोडून जवळच्या दीपगृहापासूनची दिशा आणि अंतरही सांगा.