भंग आणि अनुसरण

नियम सांगताना शास्त्र आपली बुद्धी दाखविते, तर अपवाद सांगताना ते आपले मन दाखविते. जातकशास्त्राच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. जन्मकुंडलीचे सर्वसाधारण नियम थोड्या दिवसांत पाठ होतात. परंतु जी कुंडली कोणत्याच नियमात बसत नाही, तिच्यापुढे बसलेल्या माणसाला काय सांगावयाचे, या प्रश्नाशी आले की त्या परंपरेची खरी परीक्षा सुरू होते. भारतीय आणि चिनी या दोन्ही परंपरांनी या प्रश्नाचा शतकानुशतके विचार केला आहे. दोघींची उत्तरे वेगळी आहेत, आणि तो वेगळेपणा ज्योतिषावर विश्वास नसलेल्या अभ्यासकानेही पाहण्याजोगा आहे.

दिल्लीत हा विषय केवळ पोथ्यांत राहिलेला नाही. 2001 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘ज्योतिर्विज्ञाना’चे अभ्यासक्रम विद्यापीठांत सुरू करण्याचे ठरविले, तेव्हा त्यास न्यायालयात आव्हान दिले गेले, 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने आयोगाच्या निर्णयात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. ज्या नगरीत सवाई जयसिंगाचे जंतरमंतर गणिती ज्योतिषाची साक्ष देत उभे आहे, त्याच नगरीच्या रविवारच्या वृत्तपत्रांतील विवाहविषयक जाहिरातींत ‘मांगलिक’ हा शब्द आजही आपले स्थान राखून आहे. नागपुराहून दिल्लीस आलेल्या डॉ. रघुवीरांच्या संस्थेत भारत आणि चीन यांच्यातील ग्रंथव्यवहाराचा अभ्यास होत आला, तोही याच शहरात. तेव्हा दोन्ही परंपरा शेजारी ठेवून वाचावयास दिल्लीसारखे ठिकाण नाही.

चिनी पद्धतीत जन्माचे वर्ष, महिना, दिवस आणि प्रहर असे चार स्तंभ असतात. प्रत्येक स्तंभात दोन अक्षरे, वरचे दहा ‘दिव्य खोडां’पैकी आणि खालचे बारा ‘पार्थिव शाखां’पैकी, म्हणून या पद्धतीचे नाव ‘पा-त्झ’, म्हणजे अष्टाक्षरी. अक्षरांचे विभाजन काष्ठ, अग्नी, माती, धातू आणि जल या पाच तत्त्वांत होते. ही आपली पंचमहाभूते नव्हेत. येथे आकाश नाही, वायू नाही. आणि ही तत्त्वे द्रव्यांपेक्षा अवस्थांसारखी आहेत. काष्ठातून अग्नी, अग्नीतून माती, मातीतून धातू, धातूतून जल आणि जलातून पुन्हा काष्ठ असे जननाचे चक्र चालते, आणि त्याच्याच जोडीला एकाने दुसऱ्याला आवरण्याचे चक्र चालते. तांग काळातील ली श्यूचुंग वर्षाच्या स्तंभाला प्रधान मानीत असे. पुढे श्यू त्सफिंगच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संप्रदायाने दिवसाच्या वरच्या अक्षराला कुंडलीचा स्वामी ठरविले. या दिनस्वामीला उपकारक असे तत्त्व निवडणे, हेच या विद्येचे मुख्य कर्म होय. त्या तत्त्वाला ‘युंगशन’ म्हणतात. कामी येणारे दैवत, असा त्याचा अर्थ करता येईल.

सामान्य कुंडलीत ही निवड वैद्याच्या रीतीने होते. दिनस्वामी दुर्बळ असेल तर त्याला पोसणारे तत्त्व घ्यावयाचे, प्रबळ असेल तर त्याला आवरणारे घ्यावयाचे. थंडीच्या महिन्यात जन्मलेल्याला ऊब द्यावयाची, उन्हाळ्यात जन्मलेल्याला ओलावा. समतोल हे ध्येय. पण काही कुंडल्यांत एकच तत्त्व इतके भरून असते की समतोलाची भाषाच निरर्थक ठरते. कधी दिनस्वामीला कोठेही मूळ नसते आणि सभोवतालचा सारा जोर दुसऱ्याच तत्त्वाचा असतो. कधी दिनस्वामीच सर्वत्र पसरलेला असतो. अशा वेळी चिनी ग्रंथ नियम उलटा करतात. विरोध करू नये, प्रवाहामागून जावे, असे ते सांगतात. ‘त्सुंग’ या संज्ञेचा अर्थच मागोमाग जाणे, अनुसरणे. इतरांना जे औषध, ते या कुंडलीला विष. आणि इतरांना जो अतिरेक वाटेल, तोच हिचा आहार.

उदाहरणादाखल 16 जून 1966 हा दिवस घ्यावा. त्या दिवशी मध्यान्हीला जन्मलेल्या मुलाची अष्टाक्षरी गणिताने मांडली, तर ती मोठी विलक्षण निघते. वर्ष अग्नि-अश्वाचे, महिना काष्ठ-अश्वाचा, दिवस पुन्हा अग्नि-अश्वाचा, प्रहर पुन्हा काष्ठ-अश्वाचा. अश्व ही शाखा स्वतः भर उन्हाळ्यातील अग्नीची. म्हणजे दिनस्वामी अग्नी, खाली चार अश्व, आणि वर त्या अग्नीला सरपण पुरविणारी दोन काष्ठे. जल नाही, धातू नाही. नवशिका म्हणेल, याला पाणी द्या. ग्रंथांची परंपरा म्हणेल, चुकूनही देऊ नका. एवढ्या ज्वाळेवर ओंजळभर पाणी टाकल्याने ती विझत नाही, भडकते. या रचनेला ‘येन शांग’, वर उफाळणारी ज्वाला, असे नाव आहे, आणि जाणकार तिला हीन न मानता श्रेष्ठ मानतात. तिला काष्ठ आणि अग्नी हितकर, आणि ताप ओसरावयास वाट म्हणून माती.

आता याच वर्षी जपानात काय घडले ते पाहावे. अग्नि-अश्वाच्या वर्षी जन्मलेली मुलगी उग्र निघते आणि पतीच्या आयुष्याला बाधते, अशी तेथील लोकसमजूत. 1965 साली जपानात सुमारे 18 लाख 20 हजार मुले जन्मली. 1966 साली सुमारे 13 लाख 60 हजार. आणि 1967 साली आकडा पुन्हा 19 लाख 35 हजारांपर्यंत चढला. चतुर्थांश मुले त्या एका वर्षी जन्मालाच आली नाहीत. या भीतीने आठ अक्षरांपैकी वर्षाची दोनच अक्षरे वाचली होती. उरलेल्या सहा अक्षरांकडे, ज्यांत दिनस्वामी बसतो, कोणी पाहिले नाही. शास्त्रातील अपवादाचे प्रकरण पंडितांच्या पोथीत राहिले आणि लोकांच्या हाती नियमाचा एक तुकडा आला.

आपल्याकडेही साठ संवत्सरांचे चक्र आहे. शके 1888 चे, म्हणजे 1966 मध्ये सुरू झालेल्या वर्षाचे, नाव होते ‘पराभव’. इतके अशुभ नाव असूनही त्या वर्षी मूल नको, असे कोणा मराठी घराने म्हटल्याचे ऐकिवात नाही. पंचांगात ते नाव वाचले गेले, संकल्पात उच्चारले गेले, आणि विसरले गेले. यावरून आपण अधिक विवेकी ठरतो असे मात्र नाही. आपली भीती संवत्सरात राहिली नाही. ती मंगळात जाऊन बसली.

मंगळ लग्नापासून पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी असला की पत्रिका मंगळाची. बारांपैकी पाच स्थाने; म्हणजे निव्वळ गणिताने शंभरांत एकेचाळीस-बेचाळीस पत्रिका सदोष. चंद्रापासूनही मोजले तर निम्म्याहून अधिक. निम्म्या समाजाला दोषी ठरविणारा नियम चालू शकत नाही, म्हणून त्याच्याभोवती परिहारांचे रान माजले. मंगळ स्वराशीत असेल तर दोष नाही, मकरेत उच्चीचा असेल तर नाही, गुरूची दृष्टी असेल तर नाही, वरालाही मंगळ असेल तर नाही. प्रत्येक परिहाराने काही मुलींची सुटका केली, आणि त्याच वेळी मूळ नियमाला आणखी काही काळ जगण्याची सोय करून दिली.

सरकारी नोकरीच्या निमित्ताने दिल्लीत आलेल्या आणि पुढे नोएडात स्थिरावलेल्या एका मराठी कुटुंबातील कन्येची गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. तिच्या पत्रिकेत मंगळ आठवा. दोन ठिकाणची बोलणी त्यावरून मोडली होती. घराण्याच्या परिचयातील एका वयोवृद्ध गुरुजींनी पत्रिका दोन दिवस ठेवून घेतली आणि मंगळावर गुरूची पूर्ण दृष्टी असल्याचे दाखवून दोषाचा भंग झाल्याचा निर्वाळा दिला. आईने सुटकेचा निःश्वास टाकला. मुलगी विद्यापीठात चिनी भाषा शिकलेली, तिने नम्रपणे विचारले, “गुरुजी, दोष नव्हताच असे का नाही म्हणायचे? भंग झाला म्हणजे आधी दोष होता, हे कबूल करावे लागते.” गुरुजी रागावले नाहीत. ते म्हणाले, “बाळ, नियम मोडण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. त्यातले दार शोधून द्यायचे, एवढेच मला शिकवले आहे. तू बाहेर पडलीस की झाले.” मुलीने तो निर्वाळा स्थळांकडे पाठवू दिला नाही. ज्याला दाराची गरज वाटते त्याच्या घरी आपल्याला जायचे नाही, असे ती आईला म्हणाली. आईला ते पटले नाही, आणि पुढचे कित्येक महिने त्या घरात या विषयावर कोणी बोलले नाही.

दोघांच्याही म्हणण्यात सत्य आहे, आणि दोघांच्या मध्ये जे अंतर आहे तेच या दोन परंपरांतील अंतर आहे. भारतीय जातकशास्त्राचा आवडता शब्द ‘भंग’. कल्याणवर्म्याच्या ‘सारावली’त अरिष्टयोगांमागोमाग अरिष्टभंगाची प्रकरणे येतात, नीच ग्रहाच्या नीचत्वाचा भंग होऊन राजयोग होतो. चंद्राच्या दोन्ही बाजूंस ग्रह नसले की ‘केमद्रुम’ होतो, आणि त्यालाही भंग आहे. या केमद्रुमाचे मूळ ग्रीक ‘केनोड्रोमिया’, म्हणजे रित्या जागेतील धाव, या शब्दात सांगितले जाते. शब्द समुद्रापलीकडून आला. आठव्या शतकात अमोघवज्रासारख्या आचार्याच्या ग्रंथातून आपली नक्षत्रविद्या चिनी भाषेत गेली; त्याच शतकाच्या आरंभी, 718 साली, गौतम सिद्ध या चीनमध्ये स्थायिक झालेल्या भारतीय कुळातील ज्योतिर्विदाने ‘नवग्रह’ गणित चिनी भाषेत नेले. शब्द, ग्रह, नक्षत्रे यांनी इतका प्रवास केला. पण अपवादाकडे पाहण्याची दृष्टी मात्र ज्याची त्याच्याकडे राहिली. आपल्याकडे अपवाद म्हणजे निर्दोष सुटका: न्यायासन तेच, कायदा तोच, आरोपी मुक्त. चिनी अपवादात कायदाच बदलतो. या व्यक्तीचे हित कशात, याची व्याख्या नव्याने करावी लागते.

हा भेद फार ताणू नये. षष्ठ, अष्टम आणि व्यय या स्थानांचे स्वामी त्याच स्थानांत बसले की ‘विपरीत राजयोग’ होतो, असे ‘उत्तरकालामृता’ची परंपरा सांगते, वाइटात वाइट मिसळून चांगले निघते, हा विचार अनुसरणाच्या जवळचा आहे. उलट, चिनी पद्धतीतील धोकाही मोठा आहे. दिनस्वामीला कोठे तरी केसाएवढे मूळ असले, तर ते अनुसरण ‘खोटे’ ठरते आणि हितकर तत्त्वांची यादी काही अंशी पालटते वा पूर्ण उलटते. एकोणिसाव्या शतकातील भाष्यकार रन थिएछ्याओ याने ‘ती थ्येन स्वे’ या ग्रंथावर लिहिताना शेकडो कुंडल्या मांडून हाच विवेक शिकविण्याचा यत्न केला. पण त्या कुंडल्यांतील आयुष्ये बव्हंशी आधीच ठाऊक असलेली होती. आयुष्य कळल्यानंतर कुंडली सामान्य होती की विलक्षण हे ठरविणे सोपे जाते. जो अपवाद मागाहून नेहमीच सापडतो, तो कशाचेही स्पष्टीकरण देऊ शकतो, आणि म्हणून काहीच सिद्ध करीत नाही.

ही कसोटी महाराष्ट्रात प्रत्यक्ष लावली गेली. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमविल्या आणि ज्योतिष्यांना प्रत्येकी चाळीस पत्रिका देऊन कोणती कोणाची ते ओळखावयास सांगितले. सत्तावीस जणांची उत्तरे आली. सरासरी यश सुमारे 46 टक्के, आणि सर्वांत यशस्वी ज्योतिष्याची चाळिसांत चोवीस उत्तरे बरोबर. नाणे उडविले असते तरी वीसच्या आसपास आकडा आला असता. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षानंतर, अपवादांसह संपूर्ण पत्रिका वाचली तर सत्य हाती लागते, हा दावा टिकत नाही.

मग या प्रकरणांत वाचण्यासारखे काय उरते? उरतो तो एक प्रश्न, जो ताऱ्यांचा कधीच नव्हता. जे मूल चारचौघांसारखे नाही, त्याला चारचौघांसारखे करण्याचा यत्न करावा, की त्याचा ओढा ओळखून त्याच्यामागून जावे? हा प्रश्न आईबापांना पडतो, शिक्षकाला पडतो, परभाषेतील हट्टी वाक्य मराठीत आणू पाहणाऱ्या अनुवादकालाही पडतो. समतोलाचा आग्रह बहुतेक वेळा शहाणपणाचा असतो. काही वेळा तो ज्वाळेवर टाकलेली ओंजळ ठरतो. कोणती वेळ कोणती, हे सांगणारे अक्षर कोणत्याही स्तंभात नाही. ते त्या मुलाकडे पाहूनच ठरवावे लागते, आणि त्यात चूकही होते.

2026 हे पुन्हा अग्नि-अश्वाचे वर्ष, आणि शके 1948 हा पुन्हा पराभव संवत्सर. 1966 साली भीतीला न जुमानता जपानात जी साडेतेरा लाख मुले जन्मली, त्यांची साठी या वर्षी पुरी होते. आपण जिला षष्ट्यब्दपूर्ती म्हणतो तिला तेथेही सोहळ्याचा मान आहे, कारण चक्र फिरून जन्माच्या नावावर येते. त्यांतील मुली शाळेत गेल्या तेव्हा वर्गात त्यांच्या बरोबरीची मुले कमी होती. ती कमी का, हे त्यांना मोठ्यांच्या बोलण्यातून कधी ना कधी कळले असणार. त्यांच्या आठ अक्षरांत कोणते तत्त्व हितकर होते, यावर पंडितांनी वाद घालावा. त्यांना जन्म देणाऱ्यांनी मात्र त्यांची कुंडली मांडण्याआधीच आपली निवड केली होती.