सेवा करणाऱ्याचा नंबर कधी?



आपल्याकडे आभ्यंतर तपाचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यातलं एक वैयावृत्त्य, म्हणजे सेवा. तत्त्वार्थसूत्रात ज्या दहांची सेवा सांगितली आहे, त्यांत ‘ग्लान’ म्हणजे आजारी साधूही येतात. आपण गृहस्थ तोच भाव घरातल्या आजारी माणसापर्यंत नेतो. पण सेवा करणाऱ्याला कोणी जपायचं? हा प्रश्न मला कोरोनात पडला, तो अजून सुटलेला नाही.

तेव्हा माझ्या सासूबाई शहाऐंशीच्या होत्या. पक्षाघातामुळे अंथरुणाला खिळलेल्या. माझे गुडघे गेलेले, त्यामुळे त्यांना उचलणं, पुसणं, कूस बदलणं हे सगळं माझी सून करायची. सूर्यास्ताच्या आत मऊ मुगाची खिचडी चमच्या-चमच्यानं भरवायची. ठसका लागला की तोंडाजवळ जाऊन पाठ चोळायची. फोनवर रोज ‘दो गज की दूरी’ ऐकायचो, पण भरवणाऱ्या हाताला कसलं अंतर?

आता तारखा बघा. 16 जानेवारी 2021 ला लसीकरण सुरू झालं, आधी आरोग्य कर्मचाऱ्यांचं. त्यात आशाताई, अंगणवाडीताईही होत्या, ते योग्यच. 1 मार्चपासून साठीच्या पुढचे आणि 45 ते 59 वयाचे गंभीर आजार असलेले. 1 एप्रिलपासून 45 वरचे सगळे. मी साठीच्या पुढची, मला मार्चमध्येच लस मिळाली. सासूबाईंचाही नंबर कागदावर त्याच दिवशी लागला, पण केंद्रापर्यंत त्यांना नेणार कसं? आणि सून सदतीस वर्षांची, तिचा नंबरच नाही. केंद्रावर विचारलं तर उत्तर मिळालं, “वय बसत नाही, काकू.”

एप्रिलमध्ये आपल्या जिल्ह्याचे काय हाल झाले ते घुग्घुसच्या प्रत्येक घराला आठवतं. चंद्रपुरात खाट मिळेना, माणसं आजारी वडिलांना घेऊन तेलंगणापर्यंत जाऊन परत आली. 1 मेला अठरा वर्षांवरच्यांना परवानगी मिळाली, पण कोविनवर जागा दिसेपर्यंत संपायच्या. 12 मेच्या सुमारास राज्यानं लशीच्या तुटवड्यामुळे 18 ते 44 चं लसीकरण थांबवलं. केंद्राची सर्वांसाठी मोफत लस आली 21 जूनला. मी बी.कॉम., हिशोब केल्याशिवाय राहवत नाही : 1 मार्च ते 21 जून, 112 दिवस. एवढे दिवस आमच्या घरी आजारी माणूसही लशीविना आणि त्यांना रोज हात लावणारी सूनही.

अंथरुणाला खिळलेल्यांना घरी लस द्यावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. मुंबईत तशी लस 30 जुलैला सुरू झाली, केंद्राची परवानगी सप्टेंबरात आली. तिकडे ब्रिटनमध्ये मात्र घरच्या आजारी किंवा वृद्ध माणसाला पगाराशिवाय सांभाळणाऱ्यांना प्राधान्याच्या सहाव्या गटात घेतलं होतं.

कोणी म्हणेल, लस कमी होती, सगळेच ‘मी सेवा करतो’ म्हणाले असते. त्यावर उपाय होता. 45 ते 59 वाल्यांना आजाराचा दाखला डॉक्टरच देत होते. तसाच दाखला अंथरुणावरच्या माणसालाही देऊन त्यावर एक ओळ वाढवायची : ‘यांची देखभाल करणारी व्यक्ती’. एका रुग्णामागे एकच नाव. लस घेतली म्हणजे संसर्ग होतच नाही असं नाही, पण धोका कमी होतो, आणि सेवा करणारी स्वतः आडवी पडली तर तिच्या जागी उभं राहायला कोण असतं?

पगार नसलेलं काम वहीत चढत नाही, म्हणून यादीतही येत नाही. ही ओळ पुढच्या साथीच्या आधीच नियमात लिहून ठेवायला हवी.

तोवर आपल्या हातातलं करू या. घरात केमो किंवा डायलिसिसचा रुग्ण असेल, दम्यानं खिळलेले सासरे असतील, तर त्यांच्या डॉक्टरांना पुढच्या खेपेला एवढं विचारा : “यांना सांभाळणाऱ्यानं कोणती लस घ्यायची?” फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, पैसेही पडतात. किराण्याच्या यादीत साबणाच्या खाली ती लिहून ठेवा, सुनेच्या नावापुढे.