पाठीवरचं बिऱ्हाड

पहाटे चारला बाहेर उणे अकरा अंश, आत पंधरा. मध्ये दोन इंचांची भिंत. पाय गोधडीत, शेगडीवर चहाचं आधण आणि दाराची कडी हाताच्या अंतरावर. एल्कच्या शिकारीतलं सगळ्यात कठीण काम म्हणजे ती कडी काढणं. चढण, नेम, ओझं हे सगळं नंतरचं.

ट्रक कॅम्पर म्हणजे पिकअपच्या हौद्यात बसवलेली खोली. ती मागे ओढत न्यायची नसते, पाठीवर घेऊन जायची असते. दोन बिछाने, शेगडी, गॅसवरचा हीटर, घडीचं टेबल. चार कोपऱ्यांना चार जॅक. ते खाली सोडले की खोली आपल्या पायांवर उभी राहते आणि पिकअप तिच्याखालून निघून जातो. पहिल्यांदा फोटो पाठवला तेव्हा आई म्हणाली, "अरे, हे तर विंचवाचं बिऱ्हाड!" मग जरा थांबून, "पण शिकार कशाला रे? आपल्याकडे बंद आहे ना ती?"

आहे. १९७२च्या कायद्याने ती बंद झाली, आणि बंद आहे तेच बरं, असं मीही मानतो. कोलोरॅडोतली गोष्ट वेगळी. अमेरिकेत सर्वांत जास्त एल्क याच राज्यात आहेत. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड भाऊबंद, नर तीनशे किलोंच्या घरातला. कुठल्या भागात, कुठल्या आठवड्यात, नर की मादी, हे सगळं राज्य ठरवून देतं. परवान्याआधी वर्ग करावा लागतो. माझ्या वर्गात मी चाळिशीचा आणि शेजारच्या बाकावर बारा वर्षांची पोरं. परीक्षेत त्यांचे मार्क माझ्यापेक्षा चांगले होते. मी बहुतेक वेळा मादीचाच टॅग घेतो. शिंगं नाहीत, भिंतीवर लावायला काही नाही. डीप फ्रीझर मात्र भरतो.

आम्ही जातो फ्लॅट टॉप्सला. नावाप्रमाणेच माथा सपाट असलेले डोंगर, वर काळा बसॉल्ट. पहिल्यांदा तो कडा पाहिला तेव्हा क्षणभर सह्याद्रीच दिसला, फक्त करवंदीच्या जागी स्प्रूस आणि ॲस्पेन. इथल्या ट्रॅपर्स लेकवर १९१९मध्ये वनखात्याने आर्थर कारहार्ट नावाच्या तरुणाला पाठवलं होतं. तळ्याभोवती रस्ता आखायचा आणि उन्हाळी बंगल्यांचे प्लॉट पाडायचे, असं काम. त्याने परत जाऊन सांगितलं की इथे काही बांधू नका. खात्याने ते ऐकलं, हे त्याहून नवल. पुढे १९६४चा वन्यप्रदेशांचा कायदा आला आणि आज आतल्या रानात चाक न्यायला बंदी आहे. त्यामुळे माझा कॅम्पर जिथे थांबतो ती जागा मी निवडण्याआधीच बरीचशी ठरलेली असते: जिथे रस्ता संपतो, तिथे तळ. पुढे पाय.

बरीचशी म्हटलं, कारण उरलेल्या अर्ध्या मैलातच सगळी अक्कल लागते. पहिल्या वर्षी मी ओढ्याकाठचं सुंदर कुरण निवडलं. सपाट जागा, समोर कडा, दारातून सूर्योदय. माझे शेजारी सोबत होते. वय सत्तरीच्या पुढे, तीस वर्षं कापडी तंबूत शिकार केलेले, गुडघे गेले म्हणून नाइलाजाने माझ्या या 'फ्रीज'मध्ये आलेले. फ्रीज हे त्यांचंच नाव. त्यांनी कुरणाकडे पाहिलं आणि म्हणाले, "जागा छान आहे. एल्कनाही तसंच वाटत होतं, आपण येईपर्यंत."

रात्री थंडीचा अर्थ कळला. डोंगरात थंड हवा पाण्यासारखी उताराने वाहते आणि खोलगट जागी साचते. आम्ही नेमके त्या डोहात झोपलो होतो. हीटर गॅसवर चालतो खरा, पण त्याचा पंखा बॅटरीवर. तो रात्रभर धापा टाकत फिरला आणि तीनच्या सुमाराला बॅटरीने मान टाकली. सकाळी नळातून थेंब नाही, नळीत बर्फ. तेव्हापासून ऑक्टोबरात मी टाकीत पाणी भरतच नाही. वीस लिटरचे कॅन आत, जमिनीवर. लिथियमची बॅटरी घेतली तीही आतल्या बाजूला बसवली, कारण शून्याखाली तिला चार्ज करायचं नसतं.

आता तळ उतारावर, पायथ्याशी नाही आणि माथ्यावरही नाही. वाऱ्याकडे पाठ, पूर्वेला दार, पिकअपचं तोंड परतीच्या वाटेकडे. आणि वर बघायचं. १९३९च्या वादळात इथली झाडं आडवी झाली, त्यांत साल पोखरणारा भुंगेरा माजला आणि चाळीसच्या दशकात त्याने डोंगरच्या डोंगर वाळवून टाकले. २००२च्या वणव्याने तळ्याभोवतीचं रान जाळलं. अशी मेलेली झाडं वर्षानुवर्षं उभी असतात आणि वारा नसतानाही पडतात. कॅम्परचं छप्पर पातळ पत्र्याचं आहे. लहानपणी आमच्या शिवारात धनगर मेंढरं घेऊन यायचे, तेव्हा त्यांतला एक म्हातारा वाडा बसवण्याआधी शेतात नुसता इकडेतिकडे फिरायचा, मूठभर माती उडवायचा. आम्हा पोरांना वाटायचं, रिकामटेकडा आहे. आता मी रस्त्याच्या टोकाला पिकअप थांबवून तासभर तसाच फिरतो.

वाऱ्याकडे लक्ष द्यायचं कारण फक्त थंडी नाही. सकाळी ऊन पडेपर्यंत हवा खाली वाहते, मग वर चढू लागते, संध्याकाळी पुन्हा खाली. एल्क दुपारी उत्तरेकडच्या अंधाऱ्या झाडीत बसून असतात आणि त्यांचं नाक आपल्या डोळ्यांपेक्षा फार पुढचं आहे. आमचा कांदा, आमचा गॅस, शेजाऱ्यांची कॉफी हे सगळं त्या हवेवर बसून त्यांच्या घरी जातं. म्हणून जिथे शिकार करायची तिथून तळ दोन-अडीच मैल लांब.

इथे प्रेशर कुकरचा प्रश्न आला. समुद्रसपाटीपासून २,९०० मीटरवर पाणी साधारण ९० अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर गदगदा उकळते आणि तशीच टणक राहते. मी कुकर नेला. पहिली शिट्टी झाली तेव्हा शेजारी बिछान्यातून असे उठले की छपराला डोकं आपटलं. "हे काय होतं?" "वरण," मी म्हटलं. शिवाय कुकरची वाफ. दोन माणसांचे श्वास, ओले मोजे, जळणाऱ्या गॅसमधून निघणारं पाणी यांनी भिंती आधीच घामेजतात. त्यात कुकर लावला की सकाळी छतातून टपटप. वरची खिडकी बोटभर उघडी ठेवावी लागते, आणि ती कार्बन मोनॉक्साइडसाठीही ठेवायचीच, गजराचं यंत्र असलं तरी. लाकडाच्या शेगडीचा जुना तंबू कपडे कितीतरी छान वाळवतो, हे मी शेजाऱ्यांसमोर कबूल केलंय. तर तह असा झाला: कुकर फक्त दुपारी, आणि शिकारीच्या दिवसांत शिट्टी बंद. मी घरून खिचडी शिजवून, गोठवून आणू लागलो.

वजनाचं पुराण थोडक्यात सांगतो, कारण नवे लोक इथेच फसतात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळी चिठ्ठी असते. गाडी माणसं आणि सामान मिळून किती वजन पेलेल, ते तिच्यावर लिहिलेलं असतं. माझ्या गाडीचा आकडा १,३१० किलो. कॅम्पर ८००, दोघे माणसं सामानासकट २००, पाणी, गॅसच्या दोन टाक्या, बॅटरी, बर्फाचे डबे, चारही चाकांच्या साखळ्या. शंभरेक किलो उरतात. ती जागा रिकामी न्यायची, कारण एका मादीचं हाडं काढलेलं मांस सत्तरेक किलो भरतं. मिळालं तर उरलेलं पाणी ओतून द्यायचं आणि मांस चढवायचं. आणि निघायचं पहाटे, चिखल गोठलेला असताना. दहा वाजता तोच रस्ता लोण्यासारखा होतो, आणि डोक्यावर खोली घेतलेली गाडी तिरक्या वाटेवर घसरू लागली की पोटात खड्डा पडतो.

तळाची खरी परीक्षा गोळी सुटल्यानंतर होते, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी तळाकडे झोपायची जागा म्हणून पाहत होतो. गेल्या वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी मादी मिळाली, तळापासून सव्वादोन मैलांवर. ती पडली, मी जवळ गेलो, आणि दरवेळसारखा काही वेळ नुसता बसून राहिलो. त्याबद्दल जास्त लिहिता येत नाही. मग हात चालू लागतात. कातडं आधी, कारण आतली उष्णता अडकली तर मांडीच्या हाडाजवळचं मांस नासतं. चार पाय, पाठीचे लांब तुकडे, मानेचं मांस, सगळं सुती पिशव्यांत. मादी असल्याची खूण एका तुकड्यावर तशीच ठेवायची, नियम आहे. डोकं तपासणीला द्यायचं. कारण हरणांना आणि एल्कनाही वाळवून मारणारा एक रोग आहे. तो १९६७मध्ये इथल्याच फोर्ट कॉलिन्समध्ये पहिल्यांदा दिसला होता, आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत आम्ही घरी पाकीट उघडत नाही.

एकेका मागच्या पायाचं वजन तीस किलोंच्या आसपास. शेजाऱ्यांनी दोन खेपा केल्या, तिसरीला मी त्यांना बळजबरीने थांबवलं. तळावर त्यांनी दोन झाडांमध्ये आडवा दांडा बांधला, उत्तरेच्या सावलीत, कॅम्परपासून शंभर पावलं लांब, कारण ऑक्टोबरात अस्वलं अजून झोपलेली नसतात.

शेवटच्या खेपेला अंधार पडला आणि बर्फ सुरू झाला. डोक्यावरच्या दिव्यात फक्त पांढरे ठिपके. सकाळच्या पाऊलखुणा बुजल्या. हातातलं जीपीएस दिशा दाखवत होतं, पण आडव्या ओंडक्यांतून सरळ दिशेला जाता येत नाही. वळसा घ्यायचा, पुन्हा वळसा. पाठीवर मांस, गुडघ्यांत थरथर. तळ जवळ आहे हे माहीत होतं, पण दिसत काही नव्हतं. मी एका ओंडक्यावर टेकलो. बसू नये हेही माहीत होतं.

तेवढ्यात डावीकडून, माझ्या अंदाजापेक्षा बरीच डावीकडून, कुकरची शिट्टी झाली.

मी उठलो. दुसरी झाली. तिसरी. झाडांमधून खिडकीचा पिवळा चौकोन दिसू लागला तेव्हा पाचवी चालू होती, आणि मग माझ्या ध्यानात आलं की शिट्ट्या मोजून गॅस बंद करायचा असतो, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. मी ओरडत सुटलो, "अहो, बंद करा, गॅस बंद करा!" चक्क मराठीत. दार उघडलं. वाफेचा लोट बाहेर आला, त्यातून शेजारी, हातात डाव. आतून करपल्याचा वास येत होता.

"तुझं ते यंत्र काही केल्या गप्प बसेना," ते म्हणाले, आणि माझ्या पाठीवरचा पट्टा सोडवू लागले.