उसवता येणारा स्वेटर

दिवाळी सरली की नाशिकला पहाटेचा गारठा बोचू लागायचा आणि आई माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवायला सांगायची. झाकण उघडताच डांबराच्या गोळ्यांचा आणि वाळल्या कडुलिंबाचा वास घरभर पसरे. आमची थंडी त्या वासाने सुरू व्हायची.

पेटीत सगळ्यात वर असे तो बाटलीहिरवा स्वेटर. १९७४ साली आईने तो दादासाठी विणला. बाही ती खांद्याकडून मनगटाकडे विणायची, मनगटाची पट्टी अगदी शेवटी. पोराचा हात लांबला की पट्टी उसवायची, टाके पुन्हा सुईवर घ्यायचे आणि चार बोटं वाढवायची. त्यासाठी त्याच रंगाची एक लडी आधीच जादा घेऊन ठेवलेली असे. स्वेटर सुईवर चढण्यापूर्वीच त्याच्या पुढच्या दहा वर्षांचा विचार झालेला असायचा.

दादाला तो छातीत घट्ट झाला, तेव्हा आईने सगळाच उसवला. मी दोन्ही हात पुढे धरून बसलो होतो आणि ती माझ्या हातांभोवती लोकरीची लडी करत होती. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी झालेली. ती लडी धुऊन, खाली वजन लटकवून वाळवली की धागा पुन्हा सरळ होई. माझ्या मापाला लोकर थोडी कमी पडली, म्हणून मध्ये दोन पांढरे पट्टे आले. ते पट्टे मला फार आवडायचे.

लोकर मात्र टोचायची. गळ्याशी लाल वळ उठत. मग बाजारात कॅशमिलॉन आलं. रंग झगझगीत, टोचणं नाही, कसर लागायची भीती नाही. पण दोन हिवाळ्यांत त्यावर गोळे धरायचे आणि ती जुनी ऊबही नव्हती. हळूहळू घरोघरच्या सुया डब्यात गेल्या.

आता माझ्या अंगावर मेरिनोचा स्वेटर असतो. मुलगी न्यूझीलंडला आहे, तिने आणलेला. तिथल्या दक्षिण बेटाच्या डोंगराळ भागात या मेंढ्या पाळतात. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड, तर मेरिनोचा तंतू सहसा २४च्या आतला. इतका बारीक तंतू कातडीला टेकताच वाकतो, म्हणून टोचत नाही. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ. ती घोंगडीत शोभते, गळ्याशी नाही. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल पोटात घेऊनही ओली लागत नाही. रात्रभर वाऱ्यावर टाकला की स्वेटर सकाळी पुन्हा ताजा.

असा पहिला स्वेटर मी पहिल्याच हिवाळ्यात गमावला. मशीनमध्ये गरम पाण्यात टाकला आणि तो पाच वर्षांच्या मुलाच्या मापाचा होऊन बाहेर आला. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत. आई रिठ्याच्या कोमट पाण्यात स्वेटर नुसता दाबून धुवायची, पिळायची नाही. पंच्यात गुंडाळून पाणी टिपायची आणि सावलीत खाटेवर पसरून वाळवायची. दोरीवर टाकला तर पाण्याच्या भाराने तो ओघळतो. हे सगळं मी लहानपणी अनेकदा पाहिलं होतं आणि कधी शिकलो नव्हतो, याचं त्या दिवशी वाईट वाटलं.

लोकर तेव्हापेक्षा कितीतरी चांगली मिळते. हरवली आहे ती उसवण्याची सोय. हल्लीचे पुष्कळ स्वेटर विणलेलं कापड कापून, कडा ओव्हरलॉक करून शिवलेले असतात. उसवायला गेलं तर हाती तुकडेच येतात. ज्याचा प्रत्येक भाग मापात घडवत विणलेला असतो, तोच सलग उसवतो. म्हणून आता दुकानात मी स्वेटर आधी उलटा करून शिवण बघतो आणि जोडीला थोडी लोकर मिळेल का, ते विचारतो.

यंदा माझ्या राखाडी मेरिनोचं कोपर विरलं. पेटीच्या तळाशी आईच्या हातचा बाटलीहिरवा गुंडा अजून होता. त्यानेच रफू केलं. मार्चमध्ये स्वेटर कोमट पाण्यात धुतला, कारण मळक्या लोकरीला कसर आधी लागते. खडखडीत वाळल्यावर कडुलिंबाच्या पाल्यात ठेवला. उरलेला हिरवा गुंडा त्याच्या घडीतच ठेवला आहे. दुसरं कोपर विरेल तेव्हा तो हाताशी असेल.