घडी

निजण्याआधी आई गादी अर्धी उचलायची आणि तिच्याखाली साडी ठेवायची. खळ घालून दिवसभर दोरीवर वाळवलेली आणि संध्याकाळी पाण्याचा हबका मारून पुन्हा जराशी ओलावलेली सुती साडी. तिची घडी घालायला दोघी लागत. काठाला काठ जुळवायचा, ताणायचं, झटकायचं आणि मग मी माझं टोक घेऊन तिच्याकडे चालत जायचं. "कोरडी झाली की बसत नाही गं, ओल आहे तोवर घाल," ती म्हणायची. सकाळी गादीखालून साडी निघायची ती कोऱ्या वहीसारखी सपाट. घरात इस्त्री नव्हती. आजीच्या वेळी कधी सणासुदीला पितळी तांब्यात निखारे घालून कापडावरून फिरवत, एवढंच.

ओल आहे तोवरच घडी का बसते, हे कळायला मला बी.एस्सी.चं दुसरं वर्ष उजाडलं.

कापूस म्हणजे सेल्युलोज. ग्लुकोजचे हजारो मणी एका सरीत ओवलेले, आणि दर मण्याला तीन हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन आणि त्याला लगडलेला हायड्रोजन. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेतो. हायड्रोजनपाशी मुळात एकच इलेक्ट्रॉन. तोही ओढला गेला की तो जवळजवळ उघडा पडतो आणि शेजारच्या सरीतल्या ऑक्सिजनकडे कलतो. त्या ऑक्सिजनपाशी न वापरलेल्या इलेक्ट्रॉनांची जोडी असते, तिच्या ओढीनं. बांधलेला एकाशी, कललेला दुसऱ्याकडे. यालाच हायड्रोजन बंध म्हणतात. पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन-हायड्रोजनचा पक्का बंध तोडायला मोलमागे सुमारे 460 किलोज्यूल लागतात, तर पाण्याच्या दोन रेणूंमधला हा कलता बंध सुटायला साधारण 20. म्हणजे जेमतेम विसावा हिस्सा.

हबका मारल्यावर पाणी धाग्यात शिरतं. जिथे सरी घट्ट रचलेल्या असतात तिथे त्याला वाव नाही, म्हणून तर साडी पाण्यात विरघळत नाही. पण ढिल्या भागात ते दोन सरींच्या मध्ये जाऊन बसतं आणि दोघींशी स्वतःच बंध जोडतं. सरी एकमेकींपासून सुटतात, सरकायला मोकळ्या होतात. मग गादीचं आणि आमचं वजन त्यांना नव्या जागी दाबून धरतं. रात्रभरात पाणी हळूहळू निघून जातं आणि जाताना सरींचे हात पुन्हा एकमेकींच्या हाती देऊन जातं. सरी आता जिथे आहेत, तिथेच त्या बांधल्या जातात. इस्त्री हेच काम दोन मिनिटांत करते, म्हणून तिच्याआधीही पाणी शिंपडावं लागतं.

मराठीत 'घडी' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, वस्त्राची दुमड आणि क्षण. या बंधाला दोन्ही लागू पडतात, आणि हे मला आजही विलक्षण वाटतं. कापडात तो महिनोन्महिने दुमड सांभाळतो. वाटीतल्या पाण्यात मात्र तो टिकतो काही पिकोसेकंद. एका सेकंदाचे लाख कोटी भाग केले तर त्यातले मोजके. सुटला की रेणू वळतो आणि दुसऱ्या शेजाऱ्याला धरतो. हे अखंड चालतं म्हणून पाणी वाहतं, आणि कुठल्याही क्षणी बहुतेक हात धरलेलेच असतात म्हणून ते उडून जात नाही. पाण्याहून जवळजवळ दुप्पट जड रेणूंचा हायड्रोजन सल्फाइड उणे 60 अंशांना उकळतो, पाणी 100 ला. 1920 मध्ये बर्कलीच्या लॅटिमर आणि रोडबुश या दोघांनी पाण्याचं हे वागणं एका हायड्रोजननं दोन रेणू धरून ठेवण्यावरून उलगडून दाखवलं. 1939 मध्ये लायनस पॉलिंगच्या पुस्तकानं ही कल्पना जगभरच्या वर्गांत नेली.

मी मात्र हा बंध डोळ्यांनी पाहिला तो कॉलेजच्या प्रयोगशाळेत. फिनॉलवर सौम्य नायट्रिक आम्लाची क्रिया केली की दोन जुळी भावंडं एकत्र मिळतात, ऑर्थो आणि पॅरा नायट्रोफिनॉल. अणू तेच, तितकेच, फक्त नायट्रो गटाची जागा वेगळी. मिश्रणात वाफ सोडायची. थोड्या वेळानं कंडेन्सरच्या नळीत पिवळ्याधमक सुया उगवू लागतात. ही ऑर्थो. नळी तुंबू नये म्हणून गार पाणी घडीभर बंद करावं लागतं. पॅरा खाली फ्लास्कमध्येच राहते. ऑर्थोचे दोन्ही गट शेजारी, त्यामुळे तिच्या हायड्रोजनला स्वतःच्याच अंगावर आधार सापडतो. ती आपलाच हात आपल्या हाती धरून बसते आणि वाफेबरोबर सहज निघून जाते. पॅराचे गट वलयाच्या दोन टोकांना. तिला शेजारणीच धराव्या लागतात, आणि शेजारणी तिला जाऊ देत नाहीत. ऑर्थो 45 अंशांना वितळते, पॅरा 114 ला. पुढे कित्येक वर्षं मी हा प्रयोग विद्यार्थ्यांकडून करून घेतला. नळीत पहिली सुई दिसली की टेबलाशी एकदम शांतता पसरायची. त्या शांततेसाठी मी शिकवत राहिले.

आणि खळ! तांदळाची पेज घ्या की साबुदाणा, दोन्ही स्टार्च. म्हणजे पुन्हा ग्लुकोजच. साडी आणि पेज एकाच मण्यांची, फक्त ओवण्याची तऱ्हा निराळी. सेल्युलोजमध्ये मणी आलटूनपालटून उलटे बसतात, म्हणून सर ताठ सरळ होते. स्टार्चमध्ये ते एकाच बाजूनं बसतात, म्हणून सर वेटोळी होते. खळ धाग्यावर वाळते तेव्हा हेच हात तेच हात धरतात. आईला हे कुणी सांगितलं नव्हतं. पण पेजेला किती उकळी द्यायची, ती किती पातळ करायची आणि काळ्या साडीवर पांढरे डाग पडू नयेत म्हणून ती कशी गाळायची, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. ते ज्ञान माझ्या पदवीपेक्षा कमी होतं असं मी कधीच म्हणणार नाही.

मग टेरिलिन आलं. पॉलिएस्टरच्या सरींपाशी असा द्यायला हायड्रोजन नाही, म्हणून त्यात पाणी शिरत नाही. ना खळ धरते, ना घाम टिपला जातो. त्याच सुमाराला न्यू ऑर्लिन्सच्या सरकारी प्रयोगशाळेत रुथ बेनेरिटो यांनी कापसालाच सुरकुतू न देण्याच्या रीती शोधल्या. सेल्युलोजच्या सरींमध्ये पक्के बंध घालायचे, म्हणजे त्या सरकणारच नाहीत. लाखो बायकांचे इस्त्रीचे तास त्यामुळे वाचले, आणि त्याबद्दल मला खरोखर आदर आहे. पण असं कापड लवकर फाटतं. ताण आल्यावर सरींना सरकून तो वाटून घेता येत नाही.

आईनं स्वतः घडी घातलेली एक इंदुरी साडी माझ्या कपाटात आहे. ती गेल्यावर मी तिची घडी मोडली नाही. नेसले नाही, उलगडलीसुद्धा नाही. दर पावसाळ्यात हवेतली ओल धाग्यांत शिरते आणि दुमड जराशी सैल पडते. कपाट उघडलं की हाताला ते कळायचं. तरी मी तिला हात लावत नव्हते. आईनं जुळवलेले काठ जुळलेले होते, आणि पाणी लागलं की ते सगळे हात सुटणार हे मला नीट माहीत होतं.

यंदा काठाजवळ दोन बारीक भोकं दिसली. कसर लागली होती. तिला खळ फार आवडते.

साडी भिजवली. बादलीतलं पाणी किंचित गढूळलं. खळ सुटली. गॅसवर साबुदाणा चढवला आणि ढवळत उभी राहिले. दाण्यांत पाणी शिरत गेलं, ते फुगले, पांढरेपणा जाऊन काचेसारखे झाले आणि डावाला चिकट ओढ लागली. संध्याकाळी साडी वाळली. तिच्यावर हबका मारला आणि लेकीला हाक दिली. ती मोबाइल ठेवून आली. म्हटलं, ते टोक धर आणि काठाला काठ जुळव. ओल आहे तोवर.