पत्रास कारण शोलाकिळी

चि. सुहास यांस काकाचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, डोंगर पूर्वीपेक्षा हिरवे झाले असल्याने शोलाकिळी या डोंगरी पक्ष्याची चिंता उरली नाही, हे चिरंजीवांचे उदगमंडलमहून आलेले वाक्य वाचल्यापासून मनास स्वस्थता नाही.

चिरंजीवांचा मूळ प्रश्न साधा होता. निलगिरीतील शोलाकिळीच्या कुशी तांबूस आणि कोडाईकनालच्या शोलाकिळीच्या मात्र निळसर करड्या, असे का? उत्तर पालघाट खिंडीत आहे. पश्चिम घाटाची रांग तोडणारा हा ३० ते ४० किलोमीटर रुंदीचा सखल, उष्ण पट्टा ओलांडणे थंड दमट उंचीवरच राहणाऱ्या आणि झुडपांच्या तळाशी उड्या मारत कीटक टिपणाऱ्या या पक्ष्याला साधले नाही, त्यामुळे दोन्हीकडचे वंश लाखो वर्षे वेगळे वाढत गेले. अभ्यासकांनी त्यांना आधी हिमालयी पक्ष्यांच्या प्रजातीत कोंबले होते. २०१७ मध्ये त्यांच्यासाठी ‘शोलिकोला’ ही स्वतंत्र प्रजाती स्थापन झाली आणि शेनकोट्टा खिंडीच्या दक्षिणेकडील आशांबू शोलाकिळी ही नवी जाती नोंदली गेली.

परंतु हिरवेपणाचे काय? शोला म्हणजे डोंगराच्या घळींत दाटलेले ठेंगण्या, सदाहरित वृक्षांचे रान. त्याच्या भोवतीच्या उतारांवर मूळचेच गवत असते, कारण हिवाळ्यातील गोठलेले दहिवर तेथे कोवळी रोपे टिकू देत नाही. या गवताला पडीक समजून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तेथे ऑस्ट्रेलियातील वॅटल आणि युकॅलिप्टस लावले गेले, आणि निलगिरी तीरचिमणीसारख्या केवळ गवताळ उतारांवर राहणाऱ्या पक्ष्याचे घर झाडे लावून मोडले. झाडांची संख्या म्हणजे अरण्य नव्हे, हे चिरंजीवांना लहानपणापासून किती वेळा सांगितले! महाराष्ट्रातील सड्यांवर आणि माळांवर खड्डे खणणाऱ्या उत्साही मंडळींनाही हेच सांगावे लागते. लावलेल्या रानाच्या तळाशी देशी झुडपांची दाटी उगवली नसेल, तर शोलाकिळीने त्यात लपावे कोठे, चरावे कोठे?

मोबाइलवर तिचेच गाणे वाजवून तिला उघड्यावर आणल्याचा उल्लेख तर वाचवेना. एप्रिल ते जून हा विणीचा काळ. झाडाच्या ढोलीत किंवा मातीच्या दरडीतील पोकळीत घरटे असताना परक्या नराच्या भासाने तिला धावायला लावणे, हे मुन्नारच्या वाटेवर वडिलांशेजारी तासन्‌तास गप्प बसणाऱ्या मुलाला शोभत नाही. ते गाणे क्षुल्लक नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३८ पक्ष्यांची ८३५ गाणी तपासली गेली, तेव्हा प्राचीन दऱ्यांनी विलग केलेल्या आणि अलीकडच्या जंगलतोडीने विलग केलेल्या समूहांच्या गायनातील फरक वेगवेगळ्या प्रकारचे आढळले. म्हणजे निसर्गाच्या संथ कामाच्या खुणांबरोबर माणसाच्या कुऱ्हाडीची खूणही पक्ष्याच्या कंठात उमटली आहे.

हवा तापत गेल्यास खालचे पक्षी वर सरकतील, पण जे आधीच शिखराजवळ आहेत त्यांना वर सरकायला जागाच नाही. त्यांचे आहे ते घर राखणेही सोपे नाही: वॅटल एकदम तोडावी तर तिचे बी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते आणि मोकळ्या उन्हात पुन्हा उगवते; तशीच ठेवावी तर उरलेले गवतही जाते. म्हणून चिरंजीवांनी परतण्यापूर्वी उदगमंडलमजवळच्या अव्हलांचकडे जावे, शोलाच्या कडेने वॅटल कितपत पसरली आहे आणि तिच्या सावलीत देशी रोपे धरली आहेत का, हे नीट पाहावे, आणि सविस्तर लिहावे. मोबाइल खिशातच ठेवावा.

कळावे, हे आशीर्वाद.