जवारी

मामा गेल्यावर त्याचे स्पीकर कानाला टोचू लागले. म्हणजे आधीही टोचतच असणार. पण तो असताना त्याच्या पेट्यांना नावं ठेवायची कुणाची टाप होती?

पेट्या त्याने स्वतः बांधलेल्या. लॅमिंग्टन रोडवरून सुटे वूफर-ट्विटर आणून, जाड प्लायवूड कापून, तांब्याची कॉइल हाताने गुंडाळून. तानपुऱ्याची जवारी म्हणजे काय, हे त्याने मला त्या पेट्यांसमोर पाटावर बसवून शिकवलं. मल्लिकार्जुन मन्सूर लावायचा आणि म्हणायचा, गाणं सोड, मागचं ऐक. घोडीवर तारेखाली सरकवलेल्या दोऱ्यामुळे षड्जातून वर वर उमटत जाणारी ती रुणझुण. आता त्याच रेकॉर्डवर तानपुरा पत्र्यावर वाळू ओतावी तसा येत होता.

जुन्या स्पीकरचे वरचे स्वर बोचायला लागले की लोक ट्विटरला शिव्या देतात. दोष बहुधा मागे, क्रॉसओव्हरमध्ये असतो. कॉइल खालचे स्वर वूफरकडे सोडते, कंडेन्सर वरचे ट्विटरकडे. आणि ट्विटर जात्याच आगाऊ, म्हणून त्याच्या वाटेत एक रेझिस्टन्स घालून त्याला आवरतात. जुने इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकत जातात, त्यांचा आतला अडथळा वाढतो, आवाज मंदावतो. मग कुणी हौशी माणूस नवा पॉलिप्रॉपिलिनचा बसवतो आणि ट्विटर अंगावर येतो. बीबीसीच्या एलएस३/५ए मध्ये तर ट्विटरची पातळी जुळवायला छोटा ट्रान्सफॉर्मरच होता. यामाहाच्या एनएस-१० ला नामांकित स्टुडिओंतले लोक ट्विटरपुढे टिश्यू पेपर चिकटवून गप्प करत. हे मामाला कळलं असतं तर तो आठवडाभर हसला असता.

मागची फळी उघडली. कंडेन्सर जुनाच, मीटरवर अजून ठणठणीत. रेझिस्टन्सच्या जागी मात्र नुसती तार होती, नीट डाग दिलेली. शेजारी प्लायवूडवर पेन्सिलीने, त्याच्या बारीक अक्षरात, एकाखाली एक: ४.७, ३.३, २.२, १. प्रत्येक आकड्यावर काट.

८ ओहमच्या ट्विटरपुढून ४.७ चा अडथळा पुरता काढला की आवाज सुमारे ४ डेसिबलने चढतो.

वय झालं की कानातून वरचे स्वर आधी जातात. आतल्या शंखाच्या तोंडाशी असलेल्या केसपेशी त्या स्वरांच्या. त्या आधी झिजतात आणि पुन्हा येत नाहीत. बोलणं ऐकू येतं, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटतात, आणि समोरचा पुटपुटतोय असं वाटतं. मामा शेवटी शेवटी मामीवर खेकसायचा, “तोंडातल्या तोंडात बोलू नकोस.” श्रवणयंत्राचं नाव काढलेलं त्याला खपायचं नाही. एकदा मला म्हणाला होता, “या रेकॉर्डची जवारी गेली रे. खाचा झिजल्या.”

कानाची तपासणी त्याने कधी केली नाही, असं आम्ही समजत होतो.

४.७ परत घालून काम भागलं असतं. पण एकट्या रेझिस्टन्सने कंडेन्सरपुढचा भार बदलतो आणि स्वरांची वाटणी होण्याची जागाच सरकते. म्हणून जोडी घातली: २.२ ओहमचा ओळीत, २० चा ट्विटरला समांतर. भार जवळपास ८ च राहतो, आवाज ३ डेसिबलच्या आसपास उतरतो. वरचा एक डेसिबल मी काढला नाही. त्याला तांत्रिक कारण काही नाही.

रेकॉर्ड लावली. मामी हात पुसत बाहेर आली, जरा वेळ उभी राहिली.

“आता बरं वाटतंय. इतकी वर्षं कपाळ उठायचं माझं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं, तर ह्यांनी कमी केलं असतं की.”